भाऊबिजेची डबी

नाव घातल्याशिवाय भांडे कुणाला द्यायचे नाही, अशी आमच्या घरची रीत. वाटी असो की घागर, नाव घातले की ती देणाऱ्याची आठवण होऊन बसते आणि घेणाऱ्याच्या घरातून सहसा हलत नाही. म्हणून २००९ सालच्या भाऊबिजेला दादासाठी पितळेची डबी घेतली, तेव्हा तिच्यावर मी 'ती. दादास, भाऊबीज' अशी अक्षरे घालून घेतली. डबी दोन झाकणांची होती. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना.

ओवाळणी भावाने घालायची असते, हे मला ठाऊक का नव्हते? पण दादाची जुनी चंची पार विरून गेली होती. शिवाय तंबाखूचे आमच्याकडे कुणालाच वावगे वाटत नसे. दादा शाळामास्तर. मळलेली तंबाखू पुढे केली की भांडणारे दोघेही एका पारावर येऊन बसतात, असे तो म्हणे.

त्याच वर्षीच्या ३१ मेपासून पुड्यांवर इशाऱ्याचे चित्र सक्तीचे झाले होते. कायदा २००३ सालचा. त्यातले चित्र पुडीवर उतरायला सहा वर्षे लागली. आणि खायच्या तंबाखूवर चित्र आले तेही विंचवाचे! दादा पुडी वहिनीपुढे नाचवीत म्हणाला, "विंचू छाप नवीन निघाली वाटतं!" आम्ही सारी पोट धरून हसलो. विंचवाचा आणि कॅन्सरचा संबंध कुणाच्या ध्यानात येणार? सरकारशी भांडणारी डॉक्टरमंडळी तरी दुसरे काय सांगत होती?

२०११ च्या डिसेंबरात चित्रे बदलली आणि आमचे हसू थांबले. पुडीवर आता रोगाने खाल्लेले तोंड होते. दादाच्या धाकट्या मुलीने ते पाहिले आणि ती रडतच आईकडे पळाली. तेव्हापासून दादा टपरीवरच पुडी फोडी, तंबाखू डबीत ओती आणि कागद तिथेच टाकून घरी येई. डबीवर चित्र नव्हते. तिच्यावर माझी अक्षरे होती. मी हे पाहत होते, आणि खरे सांगते, मला त्यात काहीही खटकले नाही.

२०१४ च्या पावसाळ्यात दादाला तिखट झोंबू लागले. आमटीचा पहिला घास घेतला की डोळ्यांत पाणी येई. दिवाळीनंतर मुंबईला ऑपरेशन झाले. गालाचा आणि जबड्याचा तुकडा गेला. दादा वाचला, एवढेच आम्ही सर्वांना सांगत होतो.

तो घरी पडून असे आणि मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवी. इशाऱ्याने पुडीचा ८५ टक्के भाग व्यापावा, असा नियम निघाला होता. १ एप्रिल २०१५ पासून तो लागू व्हायचा होता. त्या फेब्रुवारीत आपले आर. आर. आबा तोंडाच्या कॅन्सरने गेले. मार्चमध्ये बातमी आली की संसदेच्या समितीला हा नियम लांबणीवर टाकायला हवा आहे. विडी वळणाऱ्या बायकांचे काय, शेतकऱ्यांचे काय, असे विचारले गेले. प्रश्न खोटा नव्हता. सोलापुरात कितीतरी चुली विडीवरच पेटतात. पण त्या समितीत खुद्द विडीचा धंदा असलेले एक खासदारही होते. आणि अध्यक्ष, ते तर आपल्या अहमदनगरचे खासदार, म्हणाले की तंबाखूने कॅन्सर होतो असे सिद्ध करणारी भारतीय पाहणी कुठे आहे?

दादाला तेव्हा बोलता येत नसे. त्याने मुलीची पाटी ओढून घेतली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिले, "त्यांना कळव, मी भारतीय आहे."

नियम लांबणीवर पडलाच. सरकारी जाहिरातीतून 'तंबाखू सोडा' म्हणून सांगणारी मध्य प्रदेशातली सुनीता तोमर त्याच १ एप्रिलला वारली. वय अवघे २८. मोठी चित्रे आली ती त्यानंतर वर्षाने, १ एप्रिल २०१६ ला.

त्या समितीवर मी पुष्कळ चडफडले. मग एका रात्री ती डबी हाती लागली आणि रागाला तोंडच उरले नाही. एवढ्या मोठ्या धंद्याला जे चित्र लहान ठेवायला दिल्लीत इतकी खटपट करावी लागली, ते मी एका डबीने झाकून टाकले होते, तेही मायेपोटी.

दादाचे तोंड आता दोन बोटांपुरते उघडते. भाऊबिजेला मी त्याच्यासाठी अनारसा दुधात भिजवते. डबी त्याने टाकली नाही. पुडीवरचे मोठे चित्र कापून त्याने ते तिच्या झाकणावर चिकटवले आहे, आणि आसपासच्या शाळांतून ती घेऊन तो हिंडतो. त्याचे बोलणे पोरांना नीट कळत नाही. डबी मात्र सर्वांच्या हातून फिरते.

"निदान ती अक्षरे तरी घासून टाक," मी एकदा म्हटले.

"नाव घातलेलं भांडं," दादा अडखळत म्हणाला, "असं पुसायचं नसतं. पोरांना कळू दे, हे कोण देतं ते."