अंगणातलं तख्त

पूर्वी आपल्या बहुतेक घरांत एक तख्त असायचं. दादीअम्मा त्यावर बसून भाजी निवडायच्या, तस्बीह फिरवायच्या, दुपारी तिथंच लवंडायच्या आणि मगरिबची अजान झाली की त्यावरच जानमाज पसरायच्या. पुढे सोफे आले आणि तख्त भंगारात गेलं. परदेशात ज्याला डेक म्हणतात, तो दाराबाहेर कायमचं मांडलेलं मोठं तख्तच असतो. असं एक दहा बाय आठ फुटांचं तख्त आम्ही मागच्या अंगणात करायला घेतलं. ते सागाचं करावं की हल्ली मिळणाऱ्या कॉम्पोझिट फळ्यांचं, यावर घरात तीन महिने खल चालला.

कारण अम्मी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं बाहेर येणं थांबलं होतं. दारापासून अंगण सहा-सात इंच खाली, त्यात शहाबादी फरशी. आमचं ओझर निफाड तालुक्यात. हिवाळ्यात पेपरात ‘निफाडचा पारा घसरला’ अशी बातमी येते, शेतकरी द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, तेव्हा फजरच्या वेळी त्या फरशीवर पाऊल ठेववत नाही. एप्रिल-मेमध्ये तीच फरशी दुपारी तव्यासारखी तापते आणि पावसाळ्यात शेवाळाने निसरडी होते. डॉक्टर म्हणाले, यांना रोज थोडा वेळ कोवळ्या उन्हात बसवा. पण बसवायचं कुठे? उंबऱ्याच्या बरोबरीने, मध्ये एकही पायरी न येता बाहेर जाता येईल अशी जागा हवी होती.

नाशिकला दुकानात गेलो. विक्रेत्याने कॉम्पोझिटचा तुकडा हातात दिला. वाळवी नाही, कुजणं नाही, पॉलिश नाही, आयुष्यभर बघायला नको, असं तो एका दमात सांगून मोकळा झाला. आम्हाला ‘आयुष्यभर’ या शब्दाची जरा भीतीच वाटते.

कॉम्पोझिट हा शब्द मात्र ओझरला नवा नाही. 1964 पासून इथे एचएएलचा कारखाना आहे. मिग-21 इथे बनली, पुढे सुखोई बनली. गल्लीत दर दोन-तीन घरांमागे एखादे निवृत्त कामगार भेटतात. शेजारचे असेच एक चाचा तुकडा उलटसुलट करत म्हणाले, “सर, नावावर जाऊ नका. विमानात कार्बनचे धागे रेझिनमध्ये बसवतात. हा लाकडाचा भुसा आहे, प्लॅस्टिकमध्ये कालवलेला.” चाचांचं बरोबर होतं. या फळीत साधारण निम्मा लाकडाचा भुसा असतो आणि बाकी बहुतेक पॉलिथीन किंवा पीव्हीसी. अमेरिकेत 1990च्या दशकात हा माल पसरला. गिरणीतला भुसा आणि वापरून टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यांतूनही फळ्या होऊ लागल्या. कल्पना वाईट नाही. फेकायच्या दोन वस्तूंतून एक कामाची वस्तू होते.

आमची मुलगी अकरावीत आहे. तिने नेमकं हेच धरलं. “झाड तोडून तख्त करायचं, की कचऱ्यातल्या प्लॅस्टिकचं?” वर्गात आम्हीच मुलांना वृक्षारोपणावर निबंध लिहायला लावतो, तेव्हा या प्रश्नाला उडवाउडवीचं उत्तर देऊन भागणार नव्हतं.

मग आम्ही दोन्ही तुकडे एप्रिलमध्ये गच्चीवर ठेवले. एक गडद तपकिरी कॉम्पोझिटचा, एक सागाचा. दुपारी दोन वाजता आधी आम्ही तळवा टेकवला. साग गरम होता, पण सोसवत होता. कॉम्पोझिटवरून हात चटकन उचलावा लागला. गडद रंग, त्यात प्लॅस्टिक आणि भरीव वजन, त्यामुळे ते उष्णता धरून ठेवतं. फिक्या रंगाची फळी कमी तापते हेही खरं. पण अम्मी अनवाणी वावरणार, नमाजला कपाळ टेकवणार. त्यांनी दोन्ही तुकड्यांवर बोटं फिरवली आणि कॉम्पोझिट बाजूला सारत म्हणाल्या, “यह तवा अपने पास रखो.”

पाण्याच्या बाबतीत निकाल उलटा लागला. आठ दिवस दोन्ही तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. कॉम्पोझिटला काही झालं नाही. सागाचं कापलेलं टोक किंचित फुगलं, सुकल्यावर तिथे केसासारखी चीर दिसली. हळद-तेलाचा डाग कॉम्पोझिटवरून लवकर निघाला. विक्रेता खोटं बोलत नव्हता. काही गोष्टी त्याने सांगितल्या नव्हत्या, इतकंच. ही फळी लाकडापेक्षा वाकणारी असते, म्हणून खालचे बत्ते जवळजवळ, साधारण फूटभर अंतरावर लागतात आणि चौकटीचा खर्च वाढतो. उन्हात ती लांबीला बरीच वाढते, म्हणून टोकांना फट सोडावीच लागते. आणि चरा पडला तर रंधा मारून नवी करता येत नाही. लाकूड पुन्हा तासता येतं.

पण लाकूड म्हणजे कोणतं, हाही प्रश्नच. स्वस्तात पॅकिंगचं पाइन मिळतं. आपल्या भागातली द्राक्षं ज्या पॅलेटवर परदेशी जातात, तेच. त्या लाकडावर शिक्का असतो. एचटी म्हणजे उष्णतेने किडे मारलेले, एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूने. एमबी शिक्क्याचं लाकूड घरात आणूच नये. एचटीचं झाकल्या जागेत चालेल, पण उघड्यावर पाइन आपल्या पावसात टिकत नाही.

सागाची गोष्ट निराळी. त्याच्या गाभ्यात मुळातच तेल असतं, त्यामुळे वाळवी आणि पाणी दोन्हींना तो पुरून उरतो. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाचं बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज 1817 साली पाण्यात उतरलं, ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. दोनशे वर्षं होऊन गेली. मात्र हे सगळं गाभ्याचं. सालीलगतच्या पांढुरक्या भागात ते तेल नसतं, आणि आजकाल कोवळ्या झाडांच्या फळ्यांत तोच भाग जास्त निघतो. ‘सागवान आहे’ एवढं ऐकून पैसे मोजू नयेत, फळीचा रंग पाहावा.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर यातच सापडलं. नाशिकमध्ये जुने वाडे पडत आहेत आणि त्यांच्या तुळया, कडीपाट विकायला येतात. जुन्या झाडांचा गाभा, कित्येक वर्षं वाळलेला. नवीन झाड तोडायचं नाही आणि प्लॅस्टिकही आणायचं नाही. मुलगी म्हणाली, “हे चालेल.” अम्मींनी आणखी एक सांगितलं, मदिन्यातल्या मस्जिदे-नबवीतलं पहिलं मिंबर झाऊच्या लाकडाचं, तीन पायऱ्यांचं होतं, आणि हजरत जकरिया (अलै.) स्वतः सुतार होते. त्यांच्या मते वाद तिथेच संपला. तुळया चिरून आणल्यावरही हिशेब नव्या सागापेक्षा कमी झाला, कॉम्पोझिटपेक्षा थोडा जास्त. मात्र मजुरीत ती बचत बरीचशी गेली. प्रत्येक तुळईत हाताने घडवलेले लोखंडी खिळे निघाले आणि ते काढताना मिस्त्रींची दोन पाती तुटली. एक तुळई आतून वाळवीने पोखरलेली निघाली, ती टाकून द्यावी लागली. जुनं लाकूड घेताना हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. पोकळ वाजलं तर सोडावं.

मिस्त्री गावातलेच, अन्सारी बिरादरीतले, मोजकं बोलणारे. त्यांनी चौकट जस्त चढवलेल्या लोखंडाची केली, कारण जमिनीला टेकणारं लाकूड आधी जातं. दोन फळ्यांत पेन्सिल जाईल एवढी फट ठेवली. खिळ्यांऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले, नाहीतर गंजाचे काळे ओघळ उतरतात. फळ्यांची कापलेली टोकं तीनदा जवसाच्या तेलात भिजवली. तेलाचे बोळे मात्र त्यांनी कोपऱ्यात टाकू दिले नाहीत, उन्हात पसरून वाळवले. जवसाच्या तेलाचा चुरगळलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. हे सुतारकाम शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगायला हवं.

वजूच्या नळाखाली मात्र आम्ही लाकूडही घातलं नाही आणि कॉम्पोझिटही. तिथे साबण, सतत पाणी आणि म्हातारं पाऊल. खडबडीत टाकीचा काळा दगड, बाहेर उतार आणि भिंतीला धरायला स्टीलची दांडी. या दांडीला खर्च सगळ्यांत कमी आला आणि अम्मींना उपयोग तिचाच सगळ्यांत जास्त होतो.

ज्यांना खरोखर वेळ नाही, घर भाड्याने द्यायचं आहे, किंवा जागा सावलीत आणि सतत ओली राहते, त्यांनी फिक्या रंगाचं भरीव कॉम्पोझिट घ्यावं. त्यात काही कमीपणा नाही. लाकूड सेवा मागतं. वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर धुवायचं, वाळवायचं, तेल द्यायचं. तेल दिलं नाही तर ते राखाडी पडतं, पण म्हणून कमकुवत होत नाही.

पहिला पावसाळा झाला. दक्षिणेकडच्या चार फळ्या राखाडी पडल्यात, नळाच्या बाजूची एक किंचित वाटीसारखी वळली आहे. दिवाळीच्या सुट्टीत मिस्त्री येऊन ती उलटी करून बसवणार आहेत. अम्मी तोवर सकाळी आठला काठी न घेता तिथवर जातात आणि ऊन उंबऱ्यापर्यंत सरकलं की परत येतात. राखाडी फळ्यांना तेल द्यायला त्यांनी मनाई केली आहे. म्हणतात, त्यांचा रंग आपल्या केसांशी जुळतो.