तुझं अ‍ॅप ऐकलं

प्रिय नंदू,

कथा वाचून दाखवणारं तुझं अ‍ॅप सध्या रोज ऐकतोय. कथा झकास निवडल्यास, त्यात वाद नाही. पण अ‍ॅप उघडल्यावर माझ्या कानाशी जी हमरीतुमरी सुरू होते, ती तुला टोरांटोत बसून कळायची नाही, कारण तू ते डोळ्यांनी बघत बनवलंस.

माझ्या फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर कायम चालू. बोट पडेल तिथलं ते वाचतं. त्यात तुझं अ‍ॅप आपणहून 'नमस्कार, आपलं स्वागत आहे' सुरू करतं. टॉकबॅकची बाई 'मेनू' म्हणत असते, तुझी बाई 'आजची कथा' म्हणत असते, आणि मला दोघींपैकी कुणाचंच धड ऐकू येत नाही. स्क्रीन रीडर चालू आहे का, हे अ‍ॅपला फोनकडून कळतं ना? मग तो चालू असेल तेव्हा बटणं-मेनू त्याच्यावर सोड, तू फक्त कथा वाच. मधेच टॉकबॅकला काही सांगायचं असलं, तर कथा थांबव. गाणं असतं तर आवाज जरा खाली आणून भागलं असतं. कथेत तेवढ्यात नेमकं खुनी कोण ते निसटतं.

आता ती आवाजाची पट्टी. साताऱ्याच्या स्टँडवर बसलो होतो, शेजारी गाडी रिव्हर्स घेत होती, कंडक्टर शिट्टी फुंकत होता. तुझी पट्टी शंभरावर नेली तरी कथा आपली कुजबुजतेय. बाजूची बटणं दाबली, तर टॉकबॅक एवढ्या जोरात ओरडलं की बाकावरच्या आजी म्हणाल्या, 'कोण बोलतंय रे बाबा?' कथा तशीच मिणमिणती. तुला कारण माहीत असेलच, तरी सांगतो. अँड्रॉइडमध्ये आवाज एकच नसतो. रिंगचा वेगळा, गजराचा वेगळा, मीडियाचा वेगळा, आणि २०१७च्या ८.० आवृत्तीपासून टॉकबॅकसारख्यांसाठी अ‍ॅक्सेसिबिलिटीचा आणखी वेगळा. टॉकबॅक बोलत असताना बटणं दाबली की त्याचाच आवाज वाढतो. तुझी कथा मात्र मीडियात जाते, आणि तुझी पट्टी मीडियाच्या आवाजातलाच शून्य ते एक एवढा हिस्सा ठरवते. मीडिया तिसावर असेल तर तुझे शंभर म्हणजे ते तीसच. टाकीतच पाणी नसेल तर नळ किती का सोडेनास! एक तर ती पट्टी काढून टाक, नाहीतर शेजारी 'फोनचा मीडियाचा आवाज कमी आहे' असं बोलून तरी दाखव. माझं मत विचारशील तर काढून टाक.

तुझ्या आईंना अ‍ॅप कसं वाटलं ते मी फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, 'आवाज खूप मोठा आहे, पण शब्द कळत नाहीत.' अगदी बरोबर आहे. वयानं कान उतरतो तो आधी वरच्या पट्टीत. स, श, फ ही मंडळी पहिली गळतात. तिथे आवाज वाढवून कानठळ्या बसतात, शब्द काही उमटत नाहीत. त्यांना वेग थोडा कमी आणि जरा खर्जातला आवाज देऊन बघ. त्यांच्या फोनच्या टेक्स्ट-टू-स्पीच सेटिंगमध्ये मी मागेच वेग नि स्वराची पट्टी दोन्ही खाली आणून दिलीत, पण तुझं अ‍ॅप ते जुमानतच नाही. तू कोडमध्ये वेग '१' असा ठोकून ठेवलायस का? काही ठरवलंच नाहीस तर बोलणारं इंजिन फोनमधलं सेटिंग आपसूक घेतं.

माझं उलट. मला दुपटीच्या वरचा वेग लागतो. म्हणूनच मला तुझा तो गोड, माणसासारखा आवाज परवडत नाही. पळवला की त्याची अक्षरं एकमेकांत मिसळतात. माझा जुना ई-स्पीक इंजिनाचा आवाज पत्र्यावर बोलल्यासारखा वाटतो खरा, पण कितीही पळवा, जोडाक्षर सोडत नाही. 'रोबो' म्हणून हसू नकोस. १९८५मध्ये स्टीफन हॉकिंगचा आवाज गेला, त्यानंतर त्याला मिळालेला यंत्राचा आवाज डेनिस क्लॅट या संशोधकाच्या स्वतःच्या आवाजावर बेतलेला होता. पुढे कितीतरी सुधारलेले आवाज निघाले, हॉकिंगनं बदलला नाही. तर सांगायचं काय, आवाज आणि इंजिन दोन्ही निवडू दे.

निवडू दे म्हणजे मात्र आत्ता दिलीस तशी यादी नको. 'एम आर, आय एन, एक्स' करत टॉकबॅक प्रत्येक नावाची बाराखडी म्हणतं, आणि शेवटी कुठे 'लोकल', कुठे 'नेटवर्क'. मायक्रोसॉफ्टनं आपल्या मराठी आवाजांना आरोही आणि मनोहर अशी नावं दिलीत, बघ, कसं लग्नाच्या पत्रिकेसारखं भरल्या घरातलं वाटतं! तूही नावं दे, आणि प्रत्येकापुढे नमुना ऐकायला एक बटण. 'नेटवर्क'चा अर्थही सरळ सांग. पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यात रेंज गेली आणि तुझी बाई वाक्याच्या मध्यात मुकी झाली. फोनमध्ये उतरवलेला आवाज असेल तर तिथे आपोआप त्याच्यावर जा.

आणखी एक. फोनमध्ये मराठी आवाज उतरवलेला नसला तर तुझं अ‍ॅप मुकाट्यानं हिंदीवर जातं. परवा एका कथेतला नायक '२५ वर्षांचा' होता, तो 'पच्चीस वर्षांचा' झाला. मुकाट्यानं नको, 'मराठी आवाज उतरवायचा का?' असं विचार. मराठी आवाजही काही धुतल्या तांदळाचा नाही. 'जगात जगायचं' म्हणताना दोन्ही ज एकाच साच्यातले काढतो, 'ता. खेड, जि. पुणे'चं 'ता खेड, जी पुणे' करतो. पैकी ज तुझ्या हातात नाही, पण 'ता.' आणि 'जि.' वाचायला देण्याआधी तू पूर्ण लिहून देऊ शकतोस. तेवढं कर.

पुढची आवृत्ती कधी देतोयस? बटणांना नावं घालूनच पाठव. सध्या खालच्या ओळीत तीनदा 'लेबल नसलेलं बटण' ऐकू येतं, आणि त्यातलं मधलं कथा पुसून टाकतं, हे मला दाबल्यावर कळलं. तशी पुसली गेलेली ती बोगद्यातली कथा परत पाठव, खुनी कोण ते अजून कळायचंय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता