ओळंबा

आण्णांना मी खोटं बोललो ते जूनच्या पहिल्या शनिवारी दुपारी. तिकडे सकाळचे साडेसात वाजले होते, ते साइटवर निघायच्या तयारीत होते. मी न्यूझीलंडच्या सेंट्रल ओटागो भागात, अलेक्झांड्रा गावाजवळच्या एका मेंढीफार्मवर लोकर कातायच्या शेडमध्ये उभा होतो. व्हिडिओ कॉलवर त्यांना विचारलं, "आण्णा, वाऱ्यानं ओळंबा हलत असला तर काय करायचं?"

आण्णा तीस वर्षं गवंडीकाम करतायत. पोरगा इंजिनिअर झाला, परदेशात गेला आणि शेवटी विचारतोय काय, तर ओळंबा. त्यांना बरं वाटलं असणार. "बादलीत पाणी घ्यायचं अन् गोळा पाण्यात सोडायचा. दोरी मोकळी ठेव, बुडाला टेकू दिऊ नको. पण तुला कशाला लागतोय रं?"

"घराची भिंत बघतोय."

भिंत नव्हती. रायफल होती. पॉइंट टू-टू, बोल्ट अ‍ॅक्शन, आणि तिच्यावर बसवायचा तीन-ते-नऊ पटीचा स्कोप. ओळंबा सोडला होता तो स्कोपमधली फुली सरळ उभी आहे का ते बघायला. कशासाठी, तर ससे मारायला. आण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

मुळापासून सांगतो. मी डनेडिनमध्ये एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. आमच्या टीममधला टेस्टर या फार्मवरच वाढलेला. पहिल्यांदा त्याच्याबरोबर इथे आलो, तेव्हा एक डोंगरउतार पाहिला. दुरून वाटलं, जमिनीला देवी आल्यात. बिळं होती ती सगळी. गवत खालपर्यंत खरडलेलं, उरलेली माती वाऱ्यावर. दहा ससे मिळून एका मेंढीचं गवत खातात, असं इथले शेतकरी सांगतात.

हे ससे इथले नाहीत. युरोपातून आलेल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात आणले, खायला आणि शिकारीची हौस म्हणून. 1876 साली सरकारला सशांच्या उपद्रवाचा कायदा करावा लागला. मग ससे खातील म्हणून मुंगसासारखे दिसणारे फेरेट आणि स्टोट आणले. त्यांनी ससे खाल्ले, पण त्याबरोबर इथले उडता न येणारे पक्षीही फस्त केले. 1997 मध्ये सरकारनं नाही म्हटल्यावर शेतकऱ्यांनी सशांना मारणारा विषाणू चोरून देशात आणला आणि सोडला. प्रॉडक्शनमध्ये एक बग काढायला टाकलेला पॅच दुसरा बग घेऊन येतो, तसली ही दीडशे वर्षांची गोष्ट आहे. अलेक्झांड्रात ईस्टरला सशांच्या शिकारीची स्पर्धा भरते. ओळीनं मांडलेल्या हजारो सशांचे फोटो पाहिले आणि मला काही ते झेपलं नाही, हेही सांगून टाकतो.

आपल्याकडचा ससा वेगळा. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण आपला रानातला ससा बिळं खणत नाही, गवतात दबून बसतो. त्याची पिल्लं डोळे उघडे घेऊन, अंगावर केस घेऊन जन्मतात. इथल्याची बिळात, आंधळी आणि उघडी जन्मतात. आणि आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं रानातला ससा मारणं गुन्हा आहे. इथे शेतकऱ्यानं ससे आटोक्यात ठेवले नाहीत, तर त्यालाच नोटीस येऊ शकते.

मला यात का पडावंसं वाटलं? खरं सांगायचं तर सशांसाठी किंवा गवतासाठी नाही. टेस्टरनं एकदा स्कोप कसा झिरो करतात ते समजावलं आणि मला ते गणित आवडलं, एवढंच. लायसन्स काढलं. लेखी परीक्षा, प्रॅक्टिकल, मग घरी येऊन मुलाखत, तिजोरी भिंतीला नीट ठोकलीय का त्याची तपासणी. माझ्या रूममेटला त्यांनी विचारलं, हा चिडतो का? तो म्हणाला, भांडी घासायची राहिली की चिडतो. पाच वर्षांचं लायसन्स मिळालं. टेस्टरनं त्याच्या वडिलांची जुनी रायफल मला विकली, ती माझ्या नावावर नोंदवून घेतली.

आता गणित. टू-टूची गोळी सरळ जात नाही. कुठलीच जात नाही, पण ही जरा जास्तच आळशी. सशांसाठी सबसॉनिक गोळ्या वापरतात, सेकंदाला साधारण 320 मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली. त्यामुळे मोठा फटाका होत नाही आणि शेजारचे ससे लगेच पळत नाहीत. पण नळीतून सुटल्या क्षणापासून ती पडायला लागते. स्कोप नळीच्या चारएक सेंटिमीटर वर बसलेला. म्हणजे तुमची नजर एका रेषेत आणि गोळी दुसऱ्या वक्रात. हे दोन कुठे भेटवायचे ते तुम्ही ठरवायचं, त्याला झिरो करणं म्हणतात. मी 50 मीटर ठरवलं. मग 25 मीटरवर गोळी सेंटिमीटरभर वर लागते, 75 वर आठ-नऊ सेंटिमीटर खाली, 100 वर जवळजवळ वीतभर खाली. सशाचं डोकं लिंबापेक्षा थोडं मोठं. त्यामुळे 60 मीटरच्या पुढे मारायचं नाही, हा टेस्टरच्या घरचा नियम.

आणि स्कोप तिरका बसला असेल, तर वर-खाली फिरवलेला प्रत्येक क्लिक थोडा आडवाही सरकतो. जवळ कळत नाही, लांब गेलं की चूक वाढत जाते. म्हणून ओळंबा. रायफलचा बोल्ट काढून ठेवला, ती लाकडी ठोकळ्यांत पाणसळ लावून समतल केली, शेडच्या दुसऱ्या टोकाला दोरी सोडली, खाली बादली. शेडचं एक तोंड उघडं, तिथून गार वारा येत होता. गोळा पाण्यात गेल्याबरोबर दोरी शांत झाली. स्कोपमधून बघितलं, फुलीची उभी रेघ दोरीवर आणली, वरच्या रिंगांचे स्क्रू तिरपे-समोरासमोर असे थोडे थोडे करत आवळले, चाकाचे नट आवळतात तसे. टॉर्कचा पाना वापरला. खालचा क्लॅम्प, जो स्कोपला रायफलच्या खाचेत धरतो, तो अ‍ॅलन कीनं हातानंच आवळला. संध्याकाळ झाली होती, चहा आला होता.

त्याच उजेडात 25 मीटरवर पाच गोळ्या मारल्या, तांदळाच्या पाच किलोच्या पिशवीवर रायफल टेकवून. नवशिके एक गोळी मारतात, लगेच स्कोप फिरवतात, परत मारतात. तसं करायचं नाही. एका गोळीवरून काहीच कळत नाही. पाच मारायच्या, त्यांचा मध्य काढायचा, मग फिरवायचं. माझा मध्य सात सेंटिमीटर डावीकडे होता. एक क्लिक 25 मीटरवर जेमतेम 1.8 मिलिमीटर सरकवतो, म्हणजे अडतीस क्लिक उजवीकडे. मोजून फिरवले. पुढच्या पाच गोळ्या मधोमध. मी स्वतःवर इतका खूश झालो की तो कागद घडी करून खिशात ठेवला.

रविवारी सकाळी जमिनीवर पांढरं दंव होतं. 50 मीटरवर गेलो. दुसऱ्या फेरीत तीन गोळ्या पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा, आणि दोन चांगल्या चार सेंटिमीटर खाली.

"ते दोन?" टेस्टरनं विचारलं.

"माझा हात हलला. थंडी आहे."

परत पाच मारल्या. सगळ्या नाण्यात. झालं, म्हटलं.

आमच्याकडे कधी कधी पास होणारी, कधी कधी फेल होणारी एखादी टेस्ट असते. तिला फ्लेकी म्हणायचं आणि हिरवी होईपर्यंत परत चालवायची. सगळे करतात. टेस्टरचं अख्खं आयुष्य आमच्याशी यावरून भांडण्यात चाललंय. तो त्या दोन भोकांकडे बघत राहिला, पण मी रायफल आवरायला घेतली होती, आणि मी पाहुणा.

संध्याकाळी त्याच्या गाडीच्या हौद्यात रायफल ठेवून दगडधोंड्यांतून वर गेलो. इथे रानटी थाईम उगवतो, ओव्याच्या जवळपास जाणारा वास. पोटावर झोपलो. पंचेचाळीस मीटरवर एक ससा, बाजूनं, डोकं वर. मागे मातीचा चढ, म्हणजे चुकली तरी गोळी कुठे जाणार नाही. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. गोळी डोक्याला नाही, खाली आणि मागे लागली होती. मागचे पाय गेले होते. पुढच्या दोन पायांवर तो बिळाकडे स्वतःला ओढत होता. मी बोल्ट मागे घेतला, दुसरी गोळी भरली, नेम धरला, तीही कुठेतरी खाली मातीत. टेस्टरनं मला रायफल सुरक्षित करून खाली ठेवायला सांगितली आणि मग पळत गेला. बिळाच्या तोंडाशी त्यानं ससा धरला. मानेला एक हिसडा. ओरडणं थांबलं. सगळं मिळून वीस सेकंद असतील.

तो परत आला आणि स्कोपला हात लावून हलवलं. हलला. केसभर, पण हलला. खालचा क्लॅम्प. वरचे चार स्क्रू मी टॉर्क मोजून आवळले होते, कारण त्यांचा व्हिडिओ पाहिला होता. खालच्याचं कोणी काही म्हटलं नव्हतं. ती दोन भोकं मला हेच सांगत होती, सकाळी, स्पष्ट.

टेस्टर काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी लहान असतानाची एक गोष्ट आहे. ऊसतोड चालली होती. तोडत तोडत शेवटचा पट्टा उरला की आत अडकलेलं जे काही असेल ते बाहेर पडतं. सगळी पोरं काठ्या घेऊन कडेनं उभी राहतात. मीही होतो. ससा माझ्याच अंगावर आला. मी काठी घातली, ती पाठीत बसली, तो तसाच लंगडत पलीकडच्या ज्वारीत घुसला. पोरं ओरडली, गेला गेला. आण्णा बांधावर उभे होते. मला वाटलं मारतील. त्यांनी मारलं नाही. त्या ज्वारीत जाऊन अंधार पडेपर्यंत ससा शोधत फिरले. सापडला नाही. मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं होतं, ससा मारला म्हणून रागावलेत.

सोमवारी राजाच्या वाढदिवसाची सुट्टी होती. मी सगळं सुटं केलं. खाचेतलं तेल पुसलं, क्लॅम्प टॉर्कच्या पान्यानं आवळला, स्क्रूवर आणि बाजूच्या धातूवर नेलपॉलिशची एक रेघ ओढली. स्क्रू फिरला तर रेघ तुटते, लगेच दिसतं. नेलपॉलिश टेस्टरच्या बहिणीचं, जांभळं. परत ओळंबा, परत बादली, परत पंचवीस, परत पन्नास. आणखी एक नियम लावून घेतला. रानात गेल्यावर पहिली गोळी पुठ्ठ्यावर मारायची, सशावर नाही. पुठ्ठ्यावर बरोबर लागली तरच पुढे. आवाजानं ससे आत जातात, अर्धा तास वाया जातो. जाऊ दे.

त्या दिवशी ससे मारले नाहीत. जूनच्या शेवटी मातारिकीच्या सुट्टीत परत गेलो. रेघ शाबूत होती. पुठ्ठा बरोबर. तीन ससे, तिन्ही जागच्या जागी. आनंद झाला का? नाही. हात कापला नाही, एवढंच. टेस्टरच्या आईनं त्यांचा रस्सा केला. मी खाल्ला नाही. मारायला चालतं आणि खायला चालत नाही, याचं तिला फार हसू आलं. मला त्याचं उत्तर देता आलं नाही, अजूनही देता येत नाही.

पुढच्या रविवारी घरी फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर आण्णांनीच विचारलं, "ती भिंत झाली का रं सरळ?"

मी सांगून टाकलं. रायफल, डोंगर, बिळं, गवत, मेंढ्या, कायदा. मेंढ्या आणि गवत जरा जास्तच सांगितलं. ते ऐकत होते. मागे आईचा मिक्सर चालू होता, तो बंद झाला. आण्णा खोलीबाहेर आले असावेत, कारण स्क्रीनवर आभाळ दिसायला लागलं.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "लगीच गेला का?"

"पहिला नाही," मी म्हणालो. "नंतरचे लगेच."

"पयल्याचं काय झालं?"

"स्क्रू ढिला होता. मी बघितला नव्हता. दोस्तानं पळत जाऊन मान मोडली."

"सापडला म्हंजी."

"हो. सापडला."

"बरं," ते म्हणाले. मग फोन आत नेऊन आईकडे दिला. आई म्हणाली, काय बाई बापलेक एवढा वेळ बोलत होता. मी म्हटलं, ओळंब्याचं.