चांदीचा अनडू

चांदी काळी पडली की घरोघरी पहिला हात जातो टूथपेस्टकडे. आधीच्या पिढीचा जायचा रांगोळीकडे. घासा, धुवा, चकचकीत! पण मंडळी, गोची अशी आहे की हा काळेपणा म्हणजे मळ नाहीच. ती चांदीच आहे.

स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी, उरलेलं बहुतेक वेळा तांबं (दागिन्यावरचा ९२५ चा शिक्का तोच). हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची गट्टी जमते आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. उकडलेल्या अंड्याने चांदीचा चमचा काळवंडतो, तोही यामुळेच. हा थर घासून काढला की त्यातली चांदी मोरीत जाते. पावडर खरखरीत असेल तर खालची चांगली चांदीसुद्धा.

आमच्या आजीच्या छल्ल्यावर म्हणे दोन मोर होते. मी पाहिले ते नुसते दोन उंचवटे. काळा पडो न पडो, दर दिवाळीला छल्ला घासायचाच, असा तिचा शिरस्ता. मोर हळूहळू झिजून गेले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत घासणं म्हणजे डिलीट. आणि इथे चक्क अनडू आहे! काचेच्या भांड्यात तळाला ॲल्युमिनियम फॉइल अंथरा. त्यावर दागिना असा ठेवा की तो फॉइलला टेकेल. दोन-तीन चमचे खायचा सोडा टाका, वरून कडकडीत गरम पाणी ओता. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, ते गंधक बाहेर पडतंय. चांदी बरीचशी जागेवरच राहते. पाचेक मिनिटांनी काढा, धुवा, मऊ कापडाने कोरडं करा. बस्स.

मात्र मोती, चिकटवलेले खडे आणि मुलामा दिलेले दागिने यात बुडवू नका. 'ऑक्सिडाइज्ड' दागिने तर मुळीच नाही. नावात ऑक्सिजन असला तरी तो काळा रंगही बहुधा गंधकाचाच, पण कारागिराने नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम दिलेला. तोही अनडू होईल!

ठेवताना हवाबंद पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. रबरबँड आणि लोकरीपासून लांब, कारण त्यातही गंधक असतं.

आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दागिना वापरा. अंगावरची चांदी सहसा उजळ राहते. आजी रोज कमरेला छल्ला लावायची. तो खरा काळा पडला, ती गेल्यावर, कपाटात.