नऊ माणसें आणि मी

गेलीं सत्तावीस वर्षें मी कॉलेजांतील मुलांना इंग्रजी बायबलांतील उतारे शिकवीत आलों आहें. १६११ सालच्या त्या भाषांतराचें गद्य किती भारदस्त, त्याच्या वाक्यांची ठेवण कशी, त्यानें पुढील किती लेखकांच्या लेखणीला वळण लावलें, हें सारें मला इतकें पाठ आहे कीं परीक्षेच्या दिवसांत मी तें झोपेंतहि सांगूं शकेन. परंतु हीं वचनें मुळांत नुसतीं वाचावयाचीं नसून स्वरांत म्हणावयाचीं आहेत, ही गोष्ट मला वयाच्या बावन्नाव्या वर्षीं कळली. आणि तीहि कोणत्या ग्रंथांतून नव्हे, तर आमच्या शेजारच्या काकांकडून, जिन्यांत उभ्या उभ्या.

काका बेने इस्रायल आहेत. मूळचे अलिबागकडले, रेल्वेच्या नोकरींतून निवृत्त झालेले, ऐंशी केव्हांच ओलांडलेले. त्यांची मराठी आमच्या पेठेंतल्या मराठीपेक्षां अधिक खारी आहे, एवढाच काय तो त्यांच्यांत आणि आमच्यांत मला दिसलेला फरक. त्या दिवशीं माझ्या काखेंतलें पुस्तक पाहून त्यांनीं विचारलें, “प्रोफेसर, हें तुम्ही वर्गांत वाचतां?”

मीं होय म्हटलें.

“नुसतें वाचतां? म्हणत नाहीं?”

“म्हणजे गाऊन?”

“गाणें नव्हे हो. म्हणणें. मग पोरांना कळतें तरी कसें, वाक्य कुठें मोडायचें तें?”

मी हंसलों. म्हातारपणींची एक लहर, असें मनाशीं म्हणून घरांत गेलों. हें हंसणें पुढें मला बरेंच महागांत पडलें.

यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरांत तोराची जी गुंडाळी असते तिच्यावर केवळ व्यंजनें लिहिलेलीं असतात. स्वर नाहींत, विरामचिन्हें नाहींत, चाल दाखविणारी एकहि खूण नाहीं. वाचणारा हातांत एक लहानशी चांदीची दर्शिका धरतो, कारण चामड्याला बोट लावावयाचें नसतें. आणि डोळ्यांपुढें जें नाहीं तें सारें त्यानें आधीं घरीं पाठ करून आणलेलें असतें. या पाठांतरासाठीं खुणा निर्माण केल्या त्या गालील समुद्राच्या कांठीं तिबेरिया नगरांतील पंडितांनीं. त्यांचें कार्य दहाव्या शतकांत पूर्णतेस पोंचलें, आणि त्यांच्या परंपरेचें इ. स. १००८ मध्यें लिहिलेलें संपूर्ण हस्तलिखित आज सेंट पीटर्सबर्ग येथें आहे. या खुणांना हिब्रूंत ‘तआमीम’ म्हणतात. त्यांचें काम तिहेरी. त्या शब्दांतील आघात दाखवितात, चाल दाखवितात, आणि कोणता शब्द कोणाला जोडावयाचा व कोठें तोडावयाचा तें सांगतात. म्हणजे काकांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. व्याकरण तिथें गळ्यांतून शिकवितात.

त्यांतील एका खुणेनें मला फार दिवस सोडलें नाहीं. तिचें नांव ‘शल्शेलेथ’, म्हणजे सांखळी. एकाच अक्षरावर आवाज हेलकावे घेत वर चढतो, उतरतो, पुन्हां चढतो. तोराच्या पांचहि ग्रंथांत ती अवघी चार वेळां येते. सदोम नगर जळणार असें ठाऊक असूनहि लोटाचा पाय घरांतून निघत नाहीं, तेथें एक. अब्राहामाचा सेवक धन्याच्या मुलासाठीं वधू शोधावयास येऊन विहिरीपाशीं प्रार्थना करतो, तेथें दुसरी. धन्याच्या पत्नीला योसेफ नकार देतो, त्या ‘नाकारलें’ या शब्दावर तिसरी. चौथी, अहरोनाच्या दीक्षाविधींत मोशे मेंढा कापतो तेथें. मूळ शब्दांत लोटाची घालमेल थोडीबहुत आहे. योसेफाची मुळींच नाहीं. तेथें एक क्रियापद आहे आणि तें सरळ आहे. नकार देण्यापूर्वीं तो तरुण किती वेळ आंत आंत झुरला असेल, असा जो अर्थ जुने जाणते लावतात, तो केवळ त्या हेलकाव्यांत आहे. मी सत्तावीस वर्षें हा प्रसंग शिकवीत होतों, आणि माझा योसेफ दरवर्षीं ताडकन् नकार देऊन मोकळा होत होता!

येथें मला वडिलांविषयीं लिहिलें पाहिजे. आम्ही शुक्ल यजुर्वेदी. या शाखेंत मंत्र म्हणतांना उजव्या हाताची हालचाल करून उदात्त, अनुदात्त, स्वरित दाखवितात. लहानपणीं वडिलांनीं माझा हात आपल्या हातांत धरून मला तें शिकविलें. पुढें कॉलेजांत गेल्यावर, अर्थ समजल्यावांचून हात हलविणें म्हणजे निव्वळ कवाईत, असें मीं त्यांना एकदां ऐकविलें. ते कांहीं बोलले नाहींत. मात्र त्यानंतर त्यांनीं मला कधींहि जवळ बसविलें नाहीं. त्यांच्या अखेरच्या आजारांत त्यांना पुरुषसूक्त ऐकावेंसें वाटलें. मीं पुस्तक काढलें आणि स्पष्ट उच्चारांनीं, अर्थाकडे लक्ष देऊन, वर्गांत वाचतों तसें वाचून दाखविलें. त्यांचे डोळे मिटलेले होते. पांघरुणावर त्यांचा उजवा हात मात्र वर-खालीं होत होता. माझा आवाज एका पट्टींत चालला होता, आणि स्वर सारे त्या हातांत होते.

हें मीं काकांना सांगितलें तेव्हां ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्यांतहि हात होता.” त्यांनीं सांगितलेली गोष्ट मीं नंतर ताडून पाहिली. तालमुदांत बेराखोथ नांवाच्या प्रकरणांत, उजवा हात मलिन कामाला कां लावूं नये याचीं निरनिराळ्या गुरूंनीं दिलेलीं कारणें आहेत. त्यांत अकिबा नामक गुरूचें कारण असें कीं, तो हात तोराचे स्वर दाखवितो. इंद्राला मारणारा पुत्र मागतांना स्वर चुकला म्हणून उलटा इंद्राच्याच हातून मरणारा पुत्र झाला, ही आपली कथा मीं त्यांना सांगितली. ते खूष झाले. त्यांच्याकडे वाचणाऱ्यानें अर्थ बदलेल अशी चूक केली तर मंडळी भर प्रार्थनेंत त्याला हटकतात आणि शब्द पुन्हां म्हणावयास लावतात.

सर्वांत अधिक काळजी ‘शेमा’ म्हणतांना. ईश्वर एक आहे ही घोषणा करणारें तें वचन, उजव्या हातानें डोळे झांकून म्हणावयाचें. आणि त्यांतील शेवटचा शब्द ‘एखाद’, म्हणजे एक, लांबवावयाचा. तो जो लांबवितो त्याचें आयुष्य लांबतें असें तालमुद म्हणतो. लांबवावयाचें तें शेवटचें अक्षर, दालेथ. येथें माझें व्याकरण जागें झालें. ‘द’ लांबवितां येत नाहीं. जीभ दांतांना टेकली कीं श्वास अडतो. पण येमेनच्या यहुद्यांच्या उच्चारांत हें अक्षर घर्षक आहे, इंग्रजींतील ‘दॅट्’ मधल्या आरंभाच्या ध्वनीसारखें. तें हवें तितकें लांबतें. आपल्या मराठी जिभेला तें साधत नाहीं. काका काय करतात? ते ‘द’पाशीं थांबतात. श्वास आंत धरून, डोळ्यांवर हात ठेवून, तसेच उभे राहतात. अक्षर संपलेलें असतें आणि शब्द चालूं असतो.

ध्यानाचा हा मार्ग त्यांच्या परंपरेंत इतरांनीं पुष्कळ पुढें नेला. स्पेनांत १२४० सालीं जन्मलेल्या अब्राहाम अबुलाफियानें ईश्वरनामाचीं अक्षरें एकेका श्वासाबरोबर उच्चारावयाची रीत घालून दिली. ‘ओ’ म्हणतांना मस्तक वर न्यावयाचें, ‘ई’ म्हणतांना खालीं, कारण हिब्रू लिपींत ‘ओ’ची खूण अक्षराच्या वर असते आणि ‘ई’ची खालीं. साधकानें जणूं आपल्या मानेनें तें नांव लिहावयाचें! अठराव्या शतकांत पूर्व युरोपांतील हसीदी पंथानें तर शब्दच टाकून दिले आणि केवळ सुरावटीची आराधना केली. हल्लीं असल्या गोष्टी मनःशांतीचें औषध म्हणून वाटल्या जातात. मला तें फारसें रुचत नाहीं. काकांना प्रार्थनेनंतर शांति मिळालेली मीं क्वचितच पाहिली आहे. बहुधा ते आपल्या चुका मोजीत घरीं येतात.

मागच्या आषाढांत काकूंची पुण्यतिथि, हिब्रू पंचांगाप्रमाणें, एका बुधवारीं आली. मुलगा अश्दोदला. काकांना एकटें पाठवावेंसें वाटेना म्हणून मी रिक्षा करून बरोबर गेलों. रास्ता पेठेंतील त्यांचें प्रार्थनामंदिर १९२१ सालचें. मृताच्या नांवें म्हणावयाचा ‘कद्दिश’ दहा प्रौढ पुरुष असल्याखेरीज म्हणतां येत नाहीं. १९४८ सालीं या देशांत बेने इस्रायल वीस हजारांच्या घरांत होते. मग इस्रायलकडे वाट सुरू झाली, आणि आतां साऱ्या देशांत ते थोडेसे हजारच उरले आहेत. पावसाच्या बुधवारीं दहा जण जमणें म्हणजे योगायोगच.

नऊ जण आले. मला कोणी तरी टोपी दिली होती आणि मी मागच्या बांकावर बसलों होतों. सगळ्यांच्या नजरा दाराकडे. एकानें फोन केला. पलीकडचा गृहस्थ तापानें पडला होता. मध्यें काकांनीं एकदां मागें वळून माझ्याकडे पाहिलें. मी अंग चोरून बसलों. दहावा माणूस तेथें प्रत्यक्ष बसलेला होता आणि त्याचा कांहीं उपयोग नव्हता. अर्ध्या तासानें प्रार्थना सुरू झाली. जें नवांत म्हणतां येतें तें त्यांनीं म्हटलें. कद्दिशची जागा आली आणि ती तशीच ओलांडून गेली. शेमाच्या वेळीं काका ‘द’पाशीं थांबले, आणि त्या दिवशीं इतके थांबले कीं शेजारच्या गृहस्थानें त्यांच्या कोपराला हात लावला.

परततांना रिक्षांत मीं म्हटलें, “काका, माझा तुम्हांला काडीचा उपयोग झाला नाहीं.”

ते बाहेर पाहत होते. “मोजायला नाहीं झाला. पुढल्या वेळीं पुस्तक घेऊन माझ्या शेजारीं बसा. म्हातारपणीं चुका होतात. हटकायला कुणी तरी लागतं.”

तेव्हांपासून रविवारीं सकाळीं मी त्यांच्याकडे अक्षरें गिरवितों. दालेथ आणि रेश दिसावयास जवळजवळ सारखीं. दालेथला मागें एक बारीक कोपरा असतो, एवढाच भेद. तो चुकला तर ‘एखाद’चा ‘अखेर’ होतो, म्हणजे ‘एक’च्या जागीं ‘दुसरा’. म्हणूनच तोराच्या गुंडाळींत त्या एका ठिकाणीं दालेथ मुद्दाम मोठा काढतात. मोठा असला तर मला ओळखूं येतो. लहान अक्षरांत, विशेषतः दिवा मंद असला म्हणजे, अजून दहांतून तीन वेळां चुकतों, आणि काका पेन्सिलीनें माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर टकटक करतात.