दुसऱ्याच्या बाटलीतला हुर्राक

मार्च उजाडला की सीमेच्या दोन्ही अंगांना एकच चौकशी सुरू होते. म्हापशाच्या बाजूला "आयलो रे?" आणि अलीकडे बांद्याला "इलो काय?" कोण, हे विचारावं लागत नाही. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याची नसेल इतक्या आतुरतेनं ज्याची वाट पाहिली जाते, तो हुर्राक. काजूच्या बोंडाच्या रसाची पहिल्या धारेची दारू. बोंडं पिकू लागली की येतो, मे महिनाभर मिरवतो आणि पावसाची पहिली सर आली की गाशा गुंडाळतो.

येतो तोही पाण्याच्या बाटलीतून. बाटलीवर बर्फाळ डोंगर छापलेला, खाली 'शुद्ध पेयजल' अशी ग्वाही, झाकण भलत्याच कोल्ड्रिंकचं. अंगावरचा एकही कपडा स्वतःचा नाही. रंगहीन असल्यामुळे नुसतं पाहून त्याला कोणी खोटं पाडू शकत नाही. भानगड होते ती झाकण उघडल्यावर. पिकून जमिनीवर पडलेल्या बोंडाचा गोड, तुरट, नाकात घुसून बसणारा वास क्षणात खोलीभर होतो. एसटीत कोणाच्या पिशवीतली बाटली जरा पाझरली, तर पुढच्या थांब्याच्या आत गाडीतल्या प्रत्येकाला ती पिशवी कुठल्या सीटखाली आहे हे कळलेलं असतं. लपून राहणं त्याला जमत नाही आणि ओळखपत्र त्याच्याकडे नाही. अशा माणसाचं सरकारदरबारी जे होतं, तेच त्याचं झालं आहे.

घराणं पाहायचं तर मूळ परदेशी. काजूचं झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं आणि इथल्या जांभ्या दगडाच्या डोंगरउतारांवर ते असं काही रुजलं, की आता सत्तरीतल्या किंवा दोडामार्गातल्या म्हाताऱ्याला ते परकं आहे हे पटवून देणं कठीण. जन्माची रीतही पक्की ठरलेली. बोंड झाडावरून तोडायचं नाही. पिकून आपण होऊन पडलेलंच वेचायचं. बी पिरगळून बाजूला काढायची, कारण बाजारात भाव तिला. उरलेलं बोंड कातळात खोदलेल्या कुंडात टाकून पायांनी तुडवायचं. चोथ्याची ढेप करून वर धोंडा ठेवला की नुसत्या भारानं जो रस हळूहळू झिरपतो तो नीरो. तो गार करून लहान पोरंसुद्धा पितात. उरलेला रस दोन-तीन दिवस आंबत ठेवायचा, यीस्ट विकत आणून घालायचं नाही. हवेत आणि सालीवर जे काही असतं ते आपलं काम करतं. मग भाण्यात भरून खाली लाकडं पेटवायची, वाफ थंड करायची. पहिल्या खेपेला जो थेंबथेंब उतरतो तो हुर्राक.

यातलाच काही हुर्राक नव्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवतात आणि त्यातून फेणी निघते. म्हणजे नात्यानं तो फेणीचा बाप. लेक कर्तबगार निघाली. ४२.८ टक्के अल्कोहोल, काचेची बाटली, नक्षीदार लेबल. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला राज्याच्या वारसा पेयाचा मान दिला. त्याआधी बराच काळ ती 'देशी दारू' याच खान्यात अडकली होती आणि त्या एका शिक्क्यापायी तिला राज्याबाहेरच्या दुकानात पाऊल ठेवता येत नव्हतं. आता पणजीच्या बारमध्ये तिची कॉकटेलं होतात, पर्यटक विमानतळावरून तिला घेऊन जातात. बाप मात्र जिथल्या तिथं. तो फेणीइतका कडक नाही, म्हणून वर्षानुवर्षं मुरत पडून राहणं त्याच्या प्रकृतीला सोसत नाही. त्याला लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिमका एवढा सरंजाम पुरतो. भर दुपारी झाडाखाली बसून, सोबत कैरीची फोड असली की तो खुलतो. अलीकडे काही जणांनी त्यालाही बाटलीबंद करायला घेतलं आहे, पण इस्त्रीचे कपडे घातल्यावर तो जरा अवघडतोच.

त्याची खरी कसोटी लागते ती सीमेवर. दोडामार्ग-सावंतवाडीकडची बोंडं टेम्पोत बसून गोव्याच्या भट्ट्यांकडे जातात. जाताना त्यांना कोणी अडवत नाही. ती फळं असतात. तीच बोंडं हुर्राक होऊन घरी परतू लागली, की इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर ती 'गोवा बनावटीची दारू' होतात. सिंधुदुर्गात वाढलेल्या प्रत्येकानं पेपरात हे तीन शब्द वाचलेले आहेत. त्यांच्यामागून 'जप्त' हा चौथा शब्द येतो. माती सिंधुदुर्गातली, झाड सिंधुदुर्गातलं, फळही सिंधुदुर्गातलं; बनावट तेवढी गोव्याची.

महाराष्ट्रानं त्याच्यासाठी काहीच केलं नाही असं मात्र नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं, की काजूची बोंडं, मोहाची फुलं अशा स्थानिक फळाफुलांपासून गाळलेल्या दारूला यापुढे 'देशी' न मानता 'विदेशी मद्या'चा दर्जा द्यायचा. हेतू चांगला होता: वाया जाणाऱ्या बोंडाला किंमत यावी, शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे पडावेत, माल चांगल्या दुकानात जावा. पण त्याचा परिणाम पाहा. उसाच्या मळीच्या स्पिरिटला व्हिस्कीचा रंग-वास दिला की ती 'भारतीय बनावटीचं विदेशी मद्य'. संत्र्याचा वास दिला की 'देशी'. आणि कातळावर पायांनी तुडवलेल्या, गावच्या लाकडावर शिजलेल्या बोंडाच्या दारूला गावातच राहून पुढं यायचं, तर कागदोपत्री परदेशी व्हावं लागणार. पासपोर्ट न काढता परदेशी होण्याचा हा एकच मार्ग असावा.

कायद्याला असे झटके फक्त आपल्याकडेच येतात असंही नाही. अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये नियम होता, की वजनाच्या ४ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असेल तर त्या पेयाला लेबलावर 'बिअर' म्हणायचं नाही. 'एल' किंवा 'मॉल्ट लिकर' म्हणायचं. एल ही बनवण्याची एक वेगळी रीत आहे, याच्याशी कायद्याला देणंघेणं नव्हतं. त्यामुळे जर्मनीहून येणाऱ्या कडक हंगामी लागर बिअरा त्या राज्यात उतरल्या की आपण नसलेलं नाव छापून घ्यायच्या. जेस्टर किंग नावाची एक छोटी ब्रुअरी आणि तिचे जोडीदार कोर्टात गेले आणि २०११ च्या डिसेंबरात तो नियम रद्द झाला. बाटलीत काय आहे ते खरं सांगण्याचा हक्क मिळवायला दारूवाल्यांना न्यायालय गाठावं लागलं.

तरी लेबलाची टर उडवताना एक विसरून चालणार नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. त्या दारूवर लेबल नव्हतं. कोणी गाळली, त्यात काय मिसळलं, हे पिणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. कायद्याच्या भाषेत जो आडमुठेपणा दिसतो, त्याच्या तळाशी अशा रात्रींची भीती आहे आणि ती खोटी नाही. हुर्राकवर विश्वास टाकणारे लोकही आंधळे नसतात. ते भट्टीवाल्याला ओळखतात, त्याच्या बापाला ओळखत होते, भट्टी कुठल्या ओहोळाकाठी आहे हे त्यांना ठाऊक असतं. त्या पंचक्रोशीत ओळख हेच लेबल. पंचक्रोशी ओलांडली की मात्र ती ओळख वाचता येत नाही. तिथून पुढं छापील कागद लागतोच.

प्रश्न त्या कागदावर काय छापायचं एवढाच आहे. केंद्राच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार दारूच्या बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण आणि आरोग्याचा इशारा हवा. पौष्टिक माहिती छापायला बंदी. आणि अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तर 'नशा न आणणारं' असं सुचवायलाही बंदी. पाण्याच्या बाटलीतून आलेल्या हुर्राकनं हे शेवटचं कलम स्वतः एक अक्षरही न लिहिता मोडलेलं असतं. पण हे सगळं छापलं तरी त्याला ओळखणाऱ्या गिऱ्हाईकाचे प्रश्न उरतातच. बारमध्ये त्याची बाटली पुढं आली की जाणता माणूस तीन गोष्टी विचारतो: कुठल्या भट्टीचा, कधी काढला, पाणी घातलंय का? विकणारा तोंडी उत्तर देतो आणि त्या उत्तरावर सौदा ठरतो.

बापालाही एखाद्या वर्षी कागद मिळेल, मिळावाही. मिळाला तर त्यावर भट्टीचं गाव, गाळल्याची तारीख, अल्कोहोलचं प्रमाण आणि 'पावसाआधी संपवा' एवढं ठळक असलं की पुरे. त्या इवल्याशा चिठ्ठीवर मग 'देशी' की 'विदेशी' हे छापायला जागाच राहणार नाही, आणि पिणाऱ्यांपैकी कोणी त्याची तक्रारही करणार नाही.