कोंबड्या, कॉलनी आणि सात सह्या

गेले दोन महिने आमच्या कॉलनीत राजकारण, क्रिकेट, पाण्याची वेळ हे सगळे विषय मागे पडले आहेत. सध्या एकच विषय, शेजारच्या बंगल्यातल्या कोंबड्या. परवा पुण्याहून भाचीचा फोन आला, तिनेही ख्यालीखुशाली विचारायच्या आधी "मावशी, कोंबड्यांचं काय झालं?" हेच विचारलं. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहूनच टाकते.

शेजारचा मुलगा सातपूरला कारखान्यात आहे. (मुलगा म्हणजे आमच्या दृष्टीने. तसा पन्नाशीला आला आहे.) वडील गेल्यावर त्याने आईला दिंडोरी तालुक्यातल्या गावाहून इथे नाशिकला आणलं. आजी आल्या त्या एक ट्रंक, पाटा-वरवंटा आणि डालग्याखाली पाच कोंबड्या नि एक कोंबडा घेऊन. आजी माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या, पण सगळी कॉलनी त्यांना आजी म्हणते म्हणून मीही म्हणते. मागच्या अंगणात आंब्याखाली मुलाने खुराडं करून दिलं आणि आजींचा जीव रमला. त्याआधी त्या दिवसभर दारात बसून रस्त्याकडे बघत असत.

महिन्याभराने सोसायटीकडे अर्ज गेला. खाली सात सह्या. चिटणीस अर्ज घेऊन माझ्याकडे आले, कारण माझी आणि त्यांची भिंत एक. "बाई, तुमचं मत काय?" मी म्हटलं अर्ज ठेवून जा, वाचून सांगते. छत्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या, त्यामुळे मुद्दा क्रमांक घातलेला कागद दिसला की हातात लाल पेन घ्यावंसं वाटतंच :)

मुद्दा पहिला, पहाटेचा आवाज. इथे अर्जदारांना पूर्ण गुण. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. कोंबडा जवळून १०० डेसिबलच्याही पुढे जातो. बेल्जियमच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे मोजलं, तेव्हा असंही आढळलं की चोच पूर्ण उघडली की कोंबड्याच्या स्वतःच्या कानाची वाट मिटते. म्हणजे निसर्गाने त्याच्या कानांची सोय केली, शेजाऱ्यांच्या नाही. २०१९ मध्ये पुण्यात एका बाईंनी कोंबडा झोपमोड करतो म्हणून पोलिसांकडे तक्रार केली, तेव्हा सगळे हसले होते. पण ज्याला रात्रपाळी करून पहाटे डोळा लागतो त्याला विचारा. आमच्या समोरच्या घरातली सून नर्स आहे. तिची सही मला रास्त वाटली.

चिटणिसांनी उपाय सुचवला की रात्री कोंबड्यावर डालगं घाला, वर गोणपाट टाका, अंधार राहील. मी म्हटलं, अहो, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही ही म्हण आपण तिसरीत शिकवतो! गंमत म्हणजे विज्ञानही जवळपास तेच सांगतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठात २०१३ साली कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिलं. बाहेर काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता, तरी ते रोज ठरलेल्या सुमारालाच आरवत होते. घड्याळ त्याच्या आतच आहे, त्यावर गोणपाट टाकता येत नाही.

मुद्दा दुसरा, वास आणि माश्या. हा मुद्दा बरोबर, पण उत्तर सोपं आहे. वास येतो तो विष्ठा ओली राहिली तर. खाली भाताचं तूस टाकलं, ते कोरडं ठेवलं, आठवड्याला काढून खड्ड्यात कुजवलं, तर भिंतीपलीकडे काही कळत नाही. मी भिंतीपलीकडचीच आहे, तेव्हा हे ऐकीव नाही. ताजं खत मात्र झाडाला घालू नये, मुळं जळतात. कुजवून घातलं तर गुलाबाला सोन्यासारखं. आजींनी मला दोन घमेली दिलं आहे.

मुद्दा तिसरा, बर्ड फ्लू. यावर हसणाऱ्यांनी नवापूर आठवावं. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नंदुरबार जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच नाशिक विभागात. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, शेडच्या शेड रिकाम्या झाल्या, आणि नाशकातही लोकांनी अंडी खाणं सोडलं. २०२१च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला पुन्हा तेच. त्याच वर्षी हरियाणातला एक लहान मुलगा दिल्लीत या रोगाने गेला. भीती खोटी नाही. पण रोग प्रामुख्याने आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांच्या जवळच्या संपर्कातून येतो. भिंतीपलीकडे पाच धडधाकट कोंबड्या चरताहेत म्हणून आपल्याला ताप येत नाही. एकदम कोंबड्या मरायला लागल्या तर हात न लावता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं, खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुवायचे, अंडं नीट शिजवायचं. आजी गावाकडे मानमोडीने, म्हणजे राणीखेत रोगाने, एका आठवड्यात अख्खा कळप गेलेला पाहून बसल्या आहेत. लस टोचायला त्या कुणाच्या सांगण्याची वाट बघत नाहीत.

मुद्दा चौथा, उंदीर, साप आणि बिबट्या. बाहेरगावच्या वाचकांना बिबट्या हा विनोद वाटेल. नाशिककरांना नाही वाटणार. २०१९च्या जानेवारीत गंगापूर रोडच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला आणि त्याने माणसं जखमी केली. २०२५च्या नोव्हेंबरात महात्मानगर परिसरात तेच झालं. ऊस आणि नदीकाठ आपल्या दारापर्यंत आलेत. पण बिबट्याला काय खायला आवडतं हेही बघू. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. आमच्या कॉपऱ्यावर कचऱ्याच्या ढिगापाशी अकरा मोकाट कुत्री असतात. त्यांच्याबद्दल अर्ज नाही. तरी खुराड्याला बारीक भोकांची लोखंडी जाळी हवी, दाणे रात्री उघडे नकोत, ही सूचना योग्यच. मुंगसासाठीही ती हवीच.

मुद्दा पाचवा एका ओळीचा होता, "कॉलनीचे वातावरण बिघडते." इथे मी पेन खाली ठेवलं. वातावरण म्हणजे नक्की काय? कॉलनीत अंडंही न खाणारी घरं आहेत, त्यांना किळस वाटत असेल तर ती मला समजते, माझ्या माहेरीही तसंच होतं. पण सात सह्यांपैकी चार घरांत दर आठवड्याला अंड्यांचा ट्रे येतो, हे दूधवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे अंडं चालतं, कोंबडी दिसलेली चालत नाही. शेण, तूस, डालगं, नऊवारी नेसून अंगणात उकिडवं बसणाऱ्या आजी, हे सगळं ज्याला मागे टाकून आपण इथे आलो ते परत दारात आलं, असं काहींना वाटत असावं.

फ्रान्समध्ये मोरीस नावाच्या कोंबड्याचा खटला गाजला होता. सुट्टीला येणाऱ्या शेजाऱ्यांनी तक्रार केली, २०१९ मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२१ मध्ये खेड्यातले आवाज आणि वास जपणारा कायदाच झाला. तिथे कोंबडा आधीचा, तक्रारदार नंतरचे. आपल्याकडे कोण आधीचं? १९८२ मध्ये नाशिक महापालिका झाली तेव्हा आनंदवली, मखमलाबाद, पाथर्डी अशी गावं शहरात आली. आमची कॉलनी आहे तिथे द्राक्षाचा मळा होता. त्या मळ्यात कोंबड्या असणारच. असो.

मीटिंग गणपती मंदिराच्या ओट्यावर झाली. मुलगा बिचारा मान खाली घालून बसला होता. शेवटी म्हणाला, "कटकट नको, आईला गावी सोडतो." गावच्या घरात आता कुणी नाही. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, गुडघे धरलेले असताना, एकट्या राहतील? यावर ओट्यावर कुणी बोललं नाही. मग मी मुद्द्यावार सगळं वाचून दाखवलं. नर्स सून म्हणाली, मला फक्त झोप हवी, कोंबड्यांशी माझं भांडण नाही. तासाभराने ठराव झाला: कोंबडा नाही, कोंबड्या सहाच्या वर नाहीत, खुराडं भिंतीपासून दहा फूट आत, जाळी आणि तूस सक्तीचं. टाळ्या वाजल्या, चहा झाला.

कोंबडा दुसऱ्या दिवशी दिरांच्या घरी गेला. संध्याकाळी आजी भिंतीशी आल्या. मी म्हटलं, बरं झालं ना आजी, अंडी द्यायला कोंबडा लागत नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, "अंड्याचं नाही हो बाई. कोंबडा गेला तं पिल्लं कुठून व्हायची? ह्या म्हाताऱ्या झाल्या का संपलं मंग. माझ्या सासूच्या कोंबड्यांची बी आहे ही." पन्नास-पंचावन्न वर्षं एकाच कळपाची पिल्लं त्या वाढवत आल्या होत्या. आमच्या ठरावात या मुद्द्याला क्रमांकच नव्हता.

गेल्या पंधरवड्यात एक कोंबडी खुडूक बसली. दिरांनी गव्हाच्या भुशात घालून नऊ अंडी एसटीने पाठवली. एकवीस दिवस लागतात, आज अकरावा आहे. आजी रात्री बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं धरून बघतात आणि सात भरली आहेत म्हणतात. नर्स सून परवा बघायला आली होती, पोराला घेऊन.

चिटणिसांना मी अजून सांगितलेलं नाही की सातांतले साधारण निम्मे कोंबडे निघतील. आरवायला लागायला चार-पाच महिने आहेत. तेव्हा मीटिंग पुन्हा होईलच.